सेवाफेरीसाठी दमसास

(रायगड जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी अलिबाग येथे आयोजित केलेल्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या तालुक्यातील काही सहकाऱ्यांनी असा संकल्प केला आहे की, येत्या जानेवारीच्या अखेरीस अलिबागहून मुरुडपर्यंत सायकलने जायचे, रात्री मुरुडला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. दोन दिवसांत सुमारे शंभर किलोमीटर. या फेरीच्या निमित्ताने जमणाऱ्या निधीतून क्षयरुग्णांना उपचाराच्या काळात पोषण आहार द्यावयाचा आहे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु ज्यांनी नावे नोंदविली आहेत त्यांची यादी वाचली असता असे दिसते की, त्यांतील बहुतेकांनी शाळा सोडल्यानंतर सायकलला हात लावलेला नाही, आणि निम्म्याहून अधिक जणांची प्रकृती, सौम्य शब्दांत सांगायचे तर, भारदस्त आहे. माझे स्वतःचे वजन चौऱ्याण्णव किलो असल्यामुळे हे विधान मी कोणालाही न दुखविता करू शकतो. अशा मंडळींनी चार महिन्यांत पन्नास किलोमीटरांचा दमसास कसा कमवावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हेतू कोणता?

प्रथम हेतूविषयी. क्षयरोग आणि उपासमार यांचे नाते फार जुने आहे. कुपोषित शरीरात रोगजंतू लवकर प्रबळ होतात आणि रोग जडल्यावर शरीर आणखी खंगते. या विषयावर झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर सहा महिने धान्य, डाळ, दूधपावडर, तेल असा शिधा देण्यात आला. त्यांच्या कुटुंबीयांपैकी काहींनाही शिधा देण्यात आला, काहींना देण्यात आला नाही. ज्या घरांतील कुटुंबीयांना शिधा मिळाला, त्या घरांत क्षयाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या बाबतीत मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसून आला. चाळीस किलो वजनाच्या रुग्णाच्या बाबतीत ही पाच टक्के वाढ म्हणजे केवळ दोन किलो होय.

शासनाच्या निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. त्याशिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री क्षयमुक्त भारत अभियानात व्यक्ती, संस्था आणि सहकारी मंडळे ‘निक्षय मित्र’ म्हणून रुग्णाच्या पोषणाचा भार किमान सहा महिने उचलू शकतात. आपल्या जिल्ह्यात कातकरी बांधवांची वस्ती मोठी आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या आणि कोळसा पाडण्याच्या कामासाठी त्यांतील अनेक कुटुंबे गाव सोडतात. औषध आणि आहार या दोहोंत खंड पडण्याचा धोका नेमका याच काळात असतो. फेरीसाठी जानेवारी महिना निवडण्यात हाही एक विचार आहे.

म्हणजे येथे एक योग जुळून आला आहे. ज्यांचे वजन दोन किलोंनी वाढावे अशी आपली इच्छा आहे, त्यांच्यासाठी ज्यांचे वजन दहा किलोंनी उतरले तर बरे असे लोक घाम गाळणार आहेत.

यापूर्वीचे दाखले

समाजकार्यासाठी सायकल हे महाराष्ट्राला नवे नाही. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ अभियान काढले, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होत्या. स्वतः बाबा त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते वाहनात आडवे होऊन प्रवास करीत. पाच हजार किलोमीटरांहून लांब असलेला तो मार्ग तरुणांनी रोजच्या मुक्कामांनी पुरा केला. पुढे १९८८-८९ मध्ये अरुणाचलापासून गुजरातमधील ओखापर्यंत दुसरे अभियान झाले. अलीकडच्या काळात नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या वैद्यक व्यवसायातील बंधूंनी २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी सायकलवारी जाते, तीत साठीच्या पुढचे वारकरीही असतात.

हे दाखले आपण त्यांची बरोबरी करावी म्हणून दिलेले नाहीत. लांबचे अंतर रोजच्या बेताच्या मजलांनी कापले जाते, एवढेच त्यांतून घ्यावयाचे आहे.

स्थूल शरीर आणि सायकल

स्थूल माणसाने व्यायामास प्रारंभ करावयाचा तर सायकल हे उत्तम साधन आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायावर आदळतो. सायकलवर तो भार बैठक, हँडल आणि पायडल यांत वाटला जातो आणि गुडघ्यांना धक्का बसत नाही. सपाट रस्त्यावर वजनाचा तोटाही फारसा जाणवत नाही, कारण तेथे मुख्य विरोध वाऱ्याचा असतो.

चढावर मात्र हिशेब बदलतो. ९५ किलोंचा स्वार आणि १५ किलोंची सायकल मिळून ११० किलो होतात; ६५ किलोंच्या स्वाराचे सायकलसह ८० किलो होतात. तोच चढ चढण्यास पहिल्याला दुसऱ्यापेक्षा सुमारे ३७ टक्के अधिक शक्ती खर्च करावी लागते. म्हणून चढावर सडपातळ सोबत्याच्या मागे लागू नये. तो पुढे गेला तर जाऊ द्यावा. माथ्यावर तो थांबेल. उतारावर याच्या उलट. जड स्वाराला थांबण्यास अधिक अंतर लागते, म्हणून वेग आधीच आवरावा, पुढचा व मागचा असे दोन्ही ब्रेक वापरावेत आणि ब्रेकचे गुटके झिजू देऊ नयेत.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आधी वजन उतरवीन आणि मग सायकल चालवीन, असे अनेक जण म्हणतात. शरीराचा क्रम तसा नाही. नियमित सरावाने हृदयाच्या एका ठोक्यात अधिक रक्त फेकले जाऊ लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि प्राणवायूचा उपयोग करण्याची पेशींची क्षमता सुधारते. हा बदल सहा ते आठ आठवड्यांत जाणवतो. वजनकाटा त्या वेळी जेमतेम हललेला असतो. मध्यम गतीने तासभर सायकल चालविल्यास ९० किलोंच्या माणसाचे सुमारे ५०० उष्मांक खर्च होतात. एक किलो चरबीत मात्र साधारणतः ७,७०० उष्मांक साठलेले असतात, आणि फेरीहून परतताना नाक्यावर खाल्लेले दोन वडापाव त्या तासाची बहुतेक कमाई परत करतात. तेव्हा वजन उतरविण्याचे काम मुख्यतः ताटात होते; दमसास वाढविण्याचे काम रस्त्यावर होते. दोन्ही चालू ठेवावीत, पण काटा हलला नाही म्हणून सराव सोडू नये.

प्रारंभापूर्वी तपासणी

भारतीयांच्या बाबतीत पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरांहून आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांहून अधिक असणे हे मधुमेह व हृदयविकार यांच्या दृष्टीने धोक्याचे चिन्ह मानले जाते. शर्टाची बटणे ताणली जात असतील त्यांनी, आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, सरावापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर आणि वैद्यांच्या सल्ल्याने हृदयाचा विद्युतआलेख तपासून घ्यावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे चालू असतील तर श्रमाच्या दिवशी मात्रा किती असावी हे डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अंधारी, अकारण थंड घाम यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ उतरावे, बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी पुढचे गाव गाठण्याचा हट्ट प्राणावर बेततो.

सायकल कोणती?

नवी किंवा महागडी सायकल आवश्यक नाही. जड स्वाराने दोन गोष्टी पाहाव्यात. मागच्या चाकाला ३६ आरे असावेत व ते सायकल दुरुस्ती करणाऱ्याकडून ताणून घ्यावेत. आरे तुटण्याची तक्रार जड स्वारांचीच अधिक असते. दुसरे, टायरमध्ये हवा त्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत, पण वरच्या बाजूस असावी. कमी हवेच्या टायरने चाक जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. मार्गात साळावनंतर चढ आहेत, म्हणून गिअरची सायकल असल्यास उत्तम. नसल्यास चढावर उतरून चालण्यात कमीपणा मानू नये.

बैठकीची उंची नीट असली तर गुडघ्यांच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. बैठकीवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो. तेवढा हवाच. पायडल दाबून ढकलण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे फिरविणे गुडघ्यांच्या हिताचे असते. पहिले दोन आठवडे बैठकीचा त्रास सर्वांनाच होतो. दर दहा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहावे आणि जाड शिवणीची पँट टाळावी. बैठकीवर जाड उशी बांधली तर जांघा अधिक घासतात, असा अनुभव आहे.

सोळा आठवड्यांचा क्रम

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आरंभ करावा. एक सूत्र ध्यानात ठेवावे : चालविताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. दमसास वाढतो तो या बेताच्या गतीने. धाप लागेपर्यंत दामटल्याने दोन दिवस अंथरूण धरावे लागते.

पहिल्या चार आठवड्यांत आठवड्यातून तीन दिवस, वीस ते तीस मिनिटे. रविवारी पाच किलोमीटर, नंतर आठ, नंतर आक्षीपर्यंत जाऊन येणे म्हणजे सुमारे दहा. चौथा आठवडा हलका ठेवावा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात चार दिवस सराव. रविवारची फेरी चौदा किलोमीटर, मग नागावपर्यंत जाऊन-येऊन अठरा, मग तेवीस. आठवा पुन्हा हलका. नवव्या ते अकराव्या आठवड्यात चौलपर्यंत, मग रेवदंड्यापर्यंत, मग कुंडलिकेचा पूल ओलांडून साळावपर्यंत जाऊन यावे. ही शेवटची फेरी चाळीस किलोमीटरांच्या आसपास भरते. बारावा हलका. तेराव्या आठवड्यात कोर्लईपर्यंत जाऊन-येऊन पंचेचाळीस. चौदाव्या आणि पंधराव्या आठवड्यात शनिवारी वीस ते तीस आणि लगेच रविवारी चाळीस ते पंचेचाळीस, कारण आपल्याला सलग दोन दिवस सायकल चालवायची आहे आणि थकलेल्या पायांनी पुन्हा बैठकीवर बसण्याची सवय त्याखेरीज होत नाही. सोळाव्या आठवड्यात सराव निम्मा करावा.

रविवारच्या फेरीत एका आठवड्यात एकदम मोठी भर घालू नये. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. स्नायुबंध आणि सांधे सावकाश. हलके आठवडे या सावकाश चालणाऱ्या सोबत्यांसाठी आहेत. एखादा आठवडा निवडणुकीच्या कामात, परीक्षेत किंवा ग्रामसभेत बुडाला, तर मागचा आठवडा पुन्हा करावा. बुडालेले अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढू नये. ज्यांना रोज वेळ मिळत नाही त्यांनी कचेरीला किंवा शाळेला सायकलने जावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. तेवढी मिनिटे या जाण्यायेण्यातच जमतात.

वारा, ऊन आणि पाणी

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि मंद असतो. दुपारी तो समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, जोराने सुटतो. मुरुडकडे जाताना तो काहीसा पाठीशी असेल, परंतु परतीच्या दिवशी तोंडावर येईल. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि समोरचा वारा वेगातच मिळविला जातो. म्हणून दोन्ही दिवशी उजाडताच, सातच्या सुमारास निघावे आणि मध्यान्हाच्या आसपास मुक्काम गाठावा. ताशी बारा-तेरा किलोमीटरांचा वेग आणि चार थांबे धरले तरी हे जमते.

अलिबाग ते रेवदंडा हा टप्पा नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जातो. सावली आहे, रस्ता सपाट आहे, आणि म्हणूनच येथे उत्साहाच्या भरात वेग वाढतो. तो आवरावा. साळावजवळ अवजड वाहनांची ये-जा असते, तेथे एका रांगेत चालावे. कोर्लई-बोर्लीनंतर काशीदच्या अलीकडे-पलीकडे चढउतार लागतात. त्या टप्प्यासाठी शक्ती राखून ठेवणारा मुरुडला हसतमुखाने पोहोचतो.

दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. तासाला सुमारे अर्धा लिटर बहुतेकांना पुरते. नुसतेच पाणी भरमसाट पिऊ नये, त्याने रक्तातील क्षार पातळ होतात. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, कोकम सरबत किंवा शहाळे उत्तम. दीड तासाहून लांब फेरीत दर पाऊण तासाने केळे, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे असे काही खावे. वजन उतरविण्यासाठी उपाशीपोटी लांबची फेरी करणे हे धोक्याचे आहे. आहारातील काटकसर विश्रांतीच्या दिवशी करावी.

शिरस्त्राण, मागचा लाल दिवा आणि आरसा यांना पर्याय नाही. पथकाच्या शेवटी एक अनुभवी स्वार आणि प्रथमोपचाराचे साहित्य असलेले वाहन असावे. शेवटच्या स्वाराला मागे टाकून कोणी पुढे जाऊ नये. पथकाचा वेग त्याने ठरवावा.

निधीचा व्यवहार

दोन शब्द निधीविषयी, कारण या सभागृहात शासकीय कर्मचारी बहुसंख्य आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही कारणासाठी वर्गणी मागता येत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी. तेव्हा निधी नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाने गोळा करावा किंवा देणगीदारांनी स्वतः निक्षय मित्र म्हणून नोंदणी करावी. न्यासाखेरीज इतर कोणी लोकांकडून धर्मादाय कार्यासाठी पैसे जमविणार असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची आधी परवानगी घेणे आवश्यक आहे. प्रत्येक देणगीची पावती द्यावी आणि खर्चाचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ज्यांच्याकडे आपले काम पडते अशा ठेकेदारांकडून किंवा अर्जदारांकडून एक रुपयाही घेऊ नये. रुग्णाचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करू नये. मदत घेणाऱ्याची लाज राखणे हा मदतीचाच भाग आहे.

फेरीतील काही जण कदाचित रेवदंड्यापर्यंतच पोहोचतील. त्यांनी ते अंतर कापले, तेवढा शिधा घरपोच झाला, असे समजावे. मात्र फेरी संपल्यावर सायकली पुन्हा अडगळीत जाऊ नयेत. रुग्णाला सहा महिने शिधा लागतो. जानेवारीत सुरू झालेली मदत जुलैपर्यंत चालते. देणाऱ्याचा सराव तितके दिवस चालू राहिला, तर पुढच्या वर्षी याच सभागृहात खुर्च्या कमी करकरतील, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

नावनोंदणीचे कागद मागच्या मेजावर ठेवले आहेत. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी ती या आठवड्यात करून घ्यावी. पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर जमायचे आहे. अंतर फक्त पाच किलोमीटर आहे.